पडद्यावरचं तळं

४ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद, खुशाली, हवापाणी सगळं शेवटी. आधी बातमी ऐक. डेपो पाडला!

आपल्या स्टुडिओच्या खिडकीसमोरचा तो बस डेपो, ज्यानं इतकी वर्षं माझ्या खिडकीत नुसती एक करडी भिंत ठेवली आणि नाकात डिझेल घातलं, तो गेल्या आठवड्यात भुईसपाट झाला. आणि पुढचं तर आणखी भारी आहे. तिथे नवं काही बांधणार नाहीत. तळं परत खणणार आहेत. आपलं तळं! मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा वाटलं, म्हातारीची टर उडवताहेत. पण नाही, खरंच आहे. दर पावसाळ्यात शहराचा हा भाग गुडघाभर पाण्यात जातो. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की पाणी आपली जुनी जागा शोधत येतंय, तर देऊन टाका त्याची त्याला. ज्यांनी पलीकडचा डोंगर फोडून तळ्यात घातला, त्यांच्याच खुर्च्यांवर बसलेली माणसं आता तो उपसून काढणार. आहे की नाही गंमत?

तू इथवर वाचून पत्र खाली ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेवू नकोस. तळं हा शब्द तुझ्यापुढे काढायचा नाही हे मी विसरलेले नाही. तुझा नावाडी त्या तळ्यात नाव चालवायचा आणि पुढे पोटासाठी त्याच तळ्यात माती ओतणाऱ्या ट्रकवर लागला. भरावाची कड खचली, ट्रक उलटला आणि तो गेला. त्यानंतर तू बाबांना म्हणालीस, स्टुडिओतला तळ्याचा पडदा उतरवा, त्याच्यापुढे लोकांना हसत उभं करू नका. बाबा म्हणाले, पडदा राहील. तू बॅग उचललीस आणि जिना उतरलीस. तो पडदा तूच रंगवला होतास, तेव्हा उतरवायला सांगायचा हक्कही तुझा होता आणि पडदा टांगला होता बाबांनी, तेव्हा ठेवायचा त्यांचा. मी मधली. मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये आणि तुला मागायला लावतही नाही. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, ते भांडण बाकी आहे. पण ते समोरासमोर करू, पत्रात मजा येत नाही.

आता मुद्दा. तळ्याचं काम एका आर्किटेक्ट मुलीकडे आहे. मी तिला नकाशाबाई म्हणते. हुशार आहे, हसरी आहे आणि चहा पिताना बशीत सांडते. ती परवा जिना चढून आली आणि म्हणाली, "काकू, गावातला सगळ्यात जुना फोटो स्टुडिओ तुमचा. तळ्याचे फोटो असतीलच तुमच्याकडे."

मी इतकी हसले की तिला वाटलं मला ठसका लागला. खिडकीबाहेर फुकट दिसणाऱ्या तळ्यावर बाबा फिल्म कशाला वाया घालवतील? आणि लोक तरी काय करायचे? खरं तळं दाराशी सोडून जिना चढून वर यायचे आणि तुझ्या तळ्यापुढे उभे राहायचे, कारण इथे वाऱ्यानं भांग विस्कटत नसे! तिला मी हे सांगितलं तर तिचे डोळे चमकले. "म्हणजे तळं पडद्यावर आहे. पडदा कुठे आहे?"

पडदा नाही गं आता. बाबांच्या मागे छत गळलं आणि माझ्या लक्षात येईपर्यंत बुरशीनं तुझं आकाश खाल्लं होतं. पण तो पडदा घराघरांत आहे ना! ज्यानं ज्यानं आपल्याकडे फोटो काढला, त्याच्या पाठीमागे आहे. नकाशाबाईच्या कार्यालयातले जुने नकाशे पुरात भिजून लगदा झाले, त्यामुळे आता ती घरोघर फिरून फोटो गोळा करणार आहे. तिला सगळ्यात जास्त हव्या आहेत त्या दगडी पायऱ्या, जिथे नाव लागायची. त्या भरावाखाली नक्की शाबूत असतील, म्हणते. मार्च उजाडेपर्यंत सापडल्या तर नवा काठ त्यांच्या आधारानं बांधतील. नाही सापडल्या तर चारी बाजूंनी सरसकट काँक्रीटची भिंत आणि वर जाळी. ते तळं नाही, हौद झाला.

म्हणून म्हणते, ये. पडदा तू रंगवलास. पायऱ्या कुठे होत्या हे तुझ्याइतकं कोण सांगणार?

तुझी ताई

ता. क. आशीर्वाद राहिले. घे.


२१ जानेवारी

खारूताई,

उत्तर नाही. बरं. मी थांबणाऱ्यातली नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

अगं, काय धमाल चालली आहे इथे! नकाशाबाई आणि मी रोज दुपारी फोटो मागत फिरतो. लोक आधी संशयानं बघतात, मग पेटी उघडतात आणि मग आम्हाला सोडतच नाहीत. लग्नाचे फोटो, पदवीचे फोटो, पहिल्या पगाराचे फोटो. आणि सगळ्या पुरुषांच्या अंगात कोट एकच! खालच्या शिंपीकाकांनी शिवलेला तो काळा कोट, आठवतोय? गिऱ्हाइकाला उसना द्यायचा आणि मागून चिमटे लावून मापाला आणायचा. बँकेतले साहेब, किराणावाले, बसचे कंडक्टर, सगळे त्याच कोटात रुबाबदार झालेत. किराणावाल्यांच्या बायकोला मी हे सांगितलं तर म्हणाली, "अहो, मी तर त्या कोटावरच भाळले होते!"

स्टुडिओची जमीन आता फोटोंनी भरली आहे. नकाशाबाई प्रत्येक फोटोत माणूस सोडून उरलेला पडदा बघते आणि तुकडे जोडत जाते. बँकेतल्या साहेबांच्या खांद्यामागून पहिली पायरी मिळाली. नर्सबाईंच्या टोपीवर तुझं पिंपळाचं झाड. जुळ्या भावांच्या मधल्या फटीतून तळ्याचं निमुळतं टोक. डावीकडे पायऱ्या, डावीकडेच ते निमुळतं टोक, उजवीकडे डोंगर. काल संध्याकाळी टेबलाएवढं काहीतरी तयार झालं आणि मी स्टुलावर उभी राहून बघितलं. तुझं तळं होतं. रंग नव्हता, पण होतं.

आणि मजा म्हणजे गावातल्या प्रत्येकाला, अगदी मलासुद्धा, तळं आता तसंच आठवतं. "पायऱ्या डावीकडेच होत्या, मी स्वतः तिथून पोहायला उड्या मारल्यात," असं कंडक्टर छातीठोकपणे सांगतात. तेव्हा खणायला सुरुवात डावीकडूनच झाली आहे. भलीमोठी यंत्रं आली आहेत. मी दिवसभर खिडकीत. गिऱ्हाइकं म्हणतात, "काकू, फोटो काढता ना?" मी म्हणते, "काढते हो, चेहरा कुठे पळून चाललाय का तुमचा?"

एकच गोष्ट मिळत नाही. नाव. तू पडद्याच्या मधोमध नाव काढली होतीस आणि नावेत तो. बाबा तेव्हा म्हणालेही होते, "मध्ये कशाला काढलीस? तिथे गिऱ्हाईक उभं राहतं." तेच झालं. इतके फोटो, पण प्रत्येकात नावेच्या जागी कुणीतरी छाती काढून उभं! फक्त हेडमास्तरांच्या कानातून वल्ह्याचं टोक बाहेर आलंय. नकाशाबाईला नावेची गरज नाही, तिला पायऱ्या हव्यात. पण मला हवी आहे. त्याचा एकही फोटो नाही, खारूताई. मी एकदा त्याला वर बोलावलं होतं, फुकट काढते म्हटलं. तर म्हणाला, "मला कशाला? मी पडद्यावर आहेच की."

ये गं. निदान एक ओळ तरी लिही.

ताई


६ फेब्रुवारी

अगं, पत्र! तुझं पत्र!

पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी पासपोर्टच्या फोटोसाठी एका बिचाऱ्याची मान सरळ करत होते. ती तशीच सोडून खिडकीशी पळाले. तुझा 'त' अजून तसाच आहे, हट्टी. आणि लिहिलंस काय? दोन वाक्यं! "पडद्यावरून तळं खणू नका. पडदा चुकलेला आहे." वर ना 'प्रिय ताई', खाली ना नाव. इतक्या वर्षांनी लेखणी उचललीस तीसुद्धा मला चूक दाखवायला! मला इतका आनंद झाला की मी त्या पासपोर्टवाल्याकडून पैसेच घेतले नाहीत. तो गोंधळून निघून गेला.

पण चुकलेला म्हणजे काय गं? कुठे चुकलेला? एवढं लिहिलंस तर आणखी एक वाक्य लिहायला शाई महाग झाली होती का?

कारण इथे खरंच काहीतरी बिनसलं आहे. डावीकडे खणून खणून डोंगराचे दगड निघाले, डेपोचा जुना पाया निघाला, पायऱ्यांचा पत्ता नाही. भरावाची माती तांबडी आणि खालचा तळ्याचा गाळ काळा, त्यामुळे वरची माती खरवडली की जुन्या तळ्याचा आकार जमिनीवर स्वच्छ दिसतो. तो दिसला तेव्हा नकाशाबाई डोकं धरून बसली. ते निमुळतं टोक उजवीकडे आहे! पडद्यावर डावीकडे, जमिनीवर उजवीकडे. ती म्हणाली, "काकू, तुमच्या बाबांनी निगेटिव्ह उलटी छापली असेल का?"

माझा पारा असा चढला! म्हटलं, "माझ्या बाबांनी आयुष्यात एक निगेटिव्ह उलटी छापली नाही. बघ कोट. वरचा खिसा सगळ्यांच्या डाव्या छातीवर आहे. फोटो उलटा असता तर खिसा उजवीकडे गेला असता." तिनं एकेक खिसा तपासला. पण फोटो बरोबर असेल तर घोळ कशात आहे, हे मला सांगता येईना. आता तिला वाटतंय की तिनंच तुकडे चुकीचे जोडले. वरचे साहेब भिंतीचं बोलायला लागले आहेत. पडद्यावर कुणाचाच भरवसा उरलेला नाही.

आता खरी गोष्ट. मुद्दाम शेवटी ठेवली आहे. नाव सापडली.

गिरणीतल्या मुकादमांच्या घरी. ते म्हणाले, "माझा लहानपणीचा फोटो दाखवू?" आणि त्यांनी जो फोटो आणला त्यात कुणीच नाही! नुसता पडदा आणि कोपऱ्यात एक टाच. बाबांनी बटण दाबलं त्या क्षणी हे महाशय चौकटीतून पळून गेले होते. त्यांच्या आईनं तरीही तो फोटो हट्टानं मागून घेतला, टाच आपल्याच लेकराची म्हणून. घरातला सगळ्यात लाडका फोटो आहे तो, पाहुण्यांना आधी तोच दाखवतात. आणि त्या फोटोत, जिथे मुकादमांनी उभं राहायला हवं होतं तिथे, तो आहे. नावेत उभा. एक हात वल्ह्यावर, डावा हात वर केलेला, आणि सरळ बघतोय.

मी तिथेच रडले. मुकादमांना वाटलं, टाच बघून.

प्रत काढून सोबत पाठवते आहे. एकटी असताना बघ.

ताई


१२ फेब्रुवारी

खारूताई! खारूताई!

मला कळलं. सगळं कळलं. तू काय केलंस ते मला कळलं, लबाडे!

आज सकाळी मी गिऱ्हाइकांच्या भांगाच्या आरशात केस विंचरत होते. तोच आरसा, पडदा होता त्या भिंतीवर, त्याला खेटूनच टांगलेला, खिडकीच्या बरोबर समोर. इतकी वर्षं त्यात माझ्यामागे डेपोची भिंत दिसायची, त्यामुळे मागे बघायची सवयच गेली होती. आज विंचरता विंचरता नजर गेली. आरशात माझ्या खांद्यामागे खिडकी, खिडकीत तो काळा गाळ, आणि निमुळतं टोक डावीकडे!

मी वळून खिडकीतून बघितलं. उजवीकडे. परत आरशात. डावीकडे. कंगवा केसांत तसाच अडकलेला, आणि मी आपली वळतेय, बघतेय, वळतेय, बघतेय. जिन्यात आलेलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं असेल तर नवल नाही.

तू तळं खिडकीतून बघून काढलंच नाहीस. तू आरशात बघून काढलंस! कारण खिडकीशी कोण बसायचं? बाबा. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायला ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, त्याला उजेड लागायचा. त्यांच्या डोक्यावरून बाहेर टक लावून कशी बघणार होतीस? म्हणून तू शहाण्या मुलीसारखी पडद्याकडे तोंड, खिडकीकडे पाठ करून रंगवत बसायचीस, आणि आम्ही म्हणायचो, काय पोर आहे, मान वर करत नाही! मान कशाला वर करशील? तुझा नावाडी तुझ्या नाकासमोर आरशात होता. त्याचा उजवा हात आरशात डावा झाला, तुझ्या चित्रात डावा राहिला. मुकादमांच्या फोटोत डावा हात वर बघितला तेव्हाच मला कळायला हवं होतं, तो काही डावखुरा नव्हता.

अख्खं गाव ज्या तळ्यापुढे उभं राहिलं, ते तळं बघून काढलेलंच नव्हतं. तू त्याला बघत होतीस, तळं आपलं त्याच्या आजूबाजूला आलं!

मी तशीच, अर्धे केस मोकळे, खाली शिंपीकाकांकडे धावले. ते आता काही शिवत नाहीत, दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि मुलानं शिवलेल्याला नावं ठेवतात. म्हटलं, "काका, खारीनं तळं आरशात बघून काढलं होतं!"

काका म्हणाले, "मग? मला काय सांगतेस? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आयुष्य आरशापुढे गेलंय माझं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो की. तुझ्या बापाला बोललो. म्हटलं, अरे, पोरीनं तळं उलटं काढलंय. तर म्हणाला, दिसतंय मला. आणि ती आरशात कुणाला बघते, तेही दिसतंय. तू आपला कोट सांभाळ."

मी खाली बसले. तिथेच, कापडाच्या गठ्ठ्यावर. बाबांना माहीत होतं, खारूताई.

ऐक, अजून आहे. तो नावाडी रोज संध्याकाळी नाव लावली की आपल्या खिडकीकडे बघून हात करायचा, आठवतंय? आणि बाबा उलट हात करायचे. तू आणि मी स्वयंपाकघरात तोंडात बोळा कोंबून हसायचो, की बाबांना वाटतं तो त्यांनाच नमस्कार करतोय! काका म्हणाले, "मी तुझ्या बापाला चिडवायचो, अरे, तो तुला हात करत नाही. तर म्हणाला, तेवढं कळतं मला. पण पोरीला वळता येत नाही माझ्यासमोर. तो बिचारा रोज हात करतो, कुणीतरी उत्तर द्यायला नको का?"

मी हे लिहिताना परत रडतेय. पण तू समजतेस तसं रडणं नाही हे.

काकांना मी विचारलं, मग पडदा का नाही उतरवला? एवढं सगळं कळत होतं तर पोरीचं एवढं का नाही ऐकलं? काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "मीही तेच विचारलं होतं, ती गेली त्या दिवशी. म्हणाला, त्या पोराचा एवढाच फोटो आहे जगात. आज उतरवला आणि उद्या पोरीला बघावंसं वाटलं तर कुठे बघेल?"

हे त्यांनी तुला सांगायला हवं होतं. मला सांगायला हवं होतं. पण तोंड उघडून बोलले असते तर ते आपले बाबा कसले? दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसण्यात त्यांचा जन्म गेला, स्वतःचा चेहरा मात्र कुणाला वाचू दिला नाही. मला त्यांचा राग आलाय. आणि इतकं प्रेम आलंय की काय करू कळत नाही. घरभर फिरतेय. आरसा तीनदा पुसला.

नकाशाबाईला बोलावलं आहे. पत्र टाकून येते.

ताई


२० फेब्रुवारी

सापडल्या!

उजवीकडे! तू आरशात जिथे बघत होतीस तिथेच, फक्त उलट. नकाशाबाईनं फोटोंची सगळी जोडणी पालथी करून खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवली आणि त्यावरून खुणा घातल्या. वरचे साहेब म्हणाले, शेवटचा प्रयत्न, मग भिंत. दुपारी यंत्राचा दात दगडावर घासला. एकदम थांबवलं सगळ्यांनी. माणसं खाली उतरली, हातांनी माती बाजूला करायला लागली. मी चप्पल घालायलाही थांबले नाही. या वयात चिखलात उतरले, आणि मला कुणी अडवलंही नाही, कारण माझ्या मागोमाग किराणावाले, कंडक्टर आणि टाचवाले मुकादमही उतरले होते.

पायऱ्या जशाच्या तशा आहेत गं. एकही हललेली नाही. तीच ती मधली पायरी, पाऊल पडून पडून खोलगट झालेली. नकाशाबाई रडायला लागली आणि मग हसायला लागली आणि मला मिठी मारून तिनं माझ्या साडीला चिखल फासला. कंडक्टर म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, उजवीकडेच होत्या!" असू दे. आनंदाच्या दिवशी माणसाचं तोंड धरू नये.

सगळ्यात खालच्या पायरीला लोखंडी कडी आहे. नाव बांधायची. गंजली आहे, पण हातानं फिरवली तर फिरते. दोरी ज्या बाजूनं ओढ घ्यायची त्या बाजूनं ती झिजून बारीक झाली आहे. ती त्याच्या नावेनं झिजवलेली आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी नकाशाबाईला सांगितलं, बाकी काय हवं ते कर, ही कडी काढायची नाही. ती म्हणाली, "काकू, काठच तिच्याभोवती बांधणार आहे."

भिंत रद्द. जाळी रद्द. पायऱ्यांपुढचा खणून झालेला भाग आधी भरून बघणार आहेत, तिथे पहिलं पाणी सोडायचं ते रविवारी सकाळी.

आता मी तुला ये म्हणणार नाही. म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. तुला फक्त एवढं सांगते की खालचं दार लोटलेलं असतं, कडी लावत नाही मी. जिन्याची तिसरी पायरी अजून कुरकुरते, तेव्हा चोरपावलांनी यायचा विचार असेल तर ती चुकव.

ताई


रविवार, सकाळ
(टेबलावर, किटलीखाली)

खारूताई,

झोपली आहेस म्हणून उठवत नाही. एवढा प्रवास करून आलीस, आणि आल्या आल्या आपण भांडलो. काय बरं वाटलं! बाबा गेल्याचं भांडण राहिलं होतं, ते झालं. तू रडलीस, मी रडले, मग तू म्हणालीस की माझा चहा अजून तसाच पांचट आहे. तेव्हा माझी खात्री पटली की तू खरंच आलीस.

तू म्हणालीस, खाली यायला पाय धजत नाहीत. नको येऊस. कुणी ओढून नेणार नाही. माणसं जमायला लागली आहेत, शिंपीकाकांना खुर्चीसकट काठावर नेलंय, आणि त्यांनी तो काळा कोट घातलाय. मी पुढे होते.

तू मात्र उठलीस की एक कर. काल आल्यापासून तू आरशाकडेच तोंड करून बसतेस, मी बघतेय. जुनी खोड आहे. पण आता खिडकीशी कुणी बसलेलं नाही. बाबांची खुर्ची मी कोपऱ्यात सरकवली आहे. तेव्हा आरशात बघू नकोस. वळ आणि खिडकीत ये.

मी खालच्या पायरीवर, कडीपाशी असेन. पाणी आलं की तिथून हात करेन.

उत्तर तू दे.

ताई